दोन ठोके आणि एक

शेडमधले ठोके थांबेनात, तेव्हा नोएलीनने लोणी लावायची सुरी पावावरच आडवी ठेवली आणि कान दिला. दोन ठोके, जरा थांबून एक, एवढंच एरवी ऐकू यायचं. आज ठोक्यांना ताल नव्हता. एखादा जड घाव बसायचा, मग बराच वेळ काही नाही, मग चार-पाच एका दमात, चिडून मारल्यासारखे. तिने ॲप्रनला हात पुसले, मागच्या दाराशी ठेवलेले गमबूट पायात सरकवले आणि ती परसात आली. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या ब्लफ बंदरातला वारा नेहमीसारखाच होता, म्हणजे केस विंचरून बाहेर पडणाऱ्याला वेड्यात काढणारा. पाण्याच्या टाकीला वळसा घालून ती शेडच्या दारात पोचली.

डूगल मिलिंग मशीनपाशी स्टुलावर उभा होता. त्याच्या डाव्या हातात तांब्याची हातोडी होती. हातोडी डाव्या हातात आहे, हेच नोएलीनच्या आधी नजरेत भरलं. सत्तरी ओलांडलेल्या या माणसाला डाव्या हाताने कधी खिळासुद्धा ठोकता आला नव्हता.

"उतर खाली," ती म्हणाली.

"निघत नाहीये."

"ते मला घरात बसून कळलं. धक्क्यावरच्या बोटींनाही कळलं असेल. उतर."

तो उतरला, पण आधी आणखी एक ठोका मारूनच. त्याला सांगितलेलं लगेच ऐकायची सवय लग्नाच्या वेळी नव्हती आणि नंतरही लागली नाही.

कटर धरणारा चक स्पिंडलमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यात, घट्ट बसला होता. डूगलचं मशीन जुनं, बंद पडलेल्या एका रेल्वे कारखान्यातून आणलेलं, आणि त्याचं टेपर, म्हणजे चक बसतो तो निमुळता सांधा, मोर्स मापाचं. म्हणजे चकची शेपटी लांब, सडपातळ, अगदी हळूहळू निमुळती होत गेलेली. ती स्पिंडलच्या तशाच निमुळत्या भोकात सरकवायची आणि स्पिंडलच्या पोटातून वरून खाली येणाऱ्या लांब बोल्टने, त्याला ड्रॉबार म्हणतात, वर ओढून आवळायची. हे टेपर एकदा बसलं की आपणहून सोडत नाही. काढताना ड्रॉबार थोडा सैल करून त्याच्या डोक्यावर हातोडीने ठोकावं लागतं. आणि काम संपलं की चक त्याच दिवशी काढून ठेवायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. दिवसभर फिरून स्पिंडल तापलेलं असतं. चक आत ठेवून झोपी गेलात, तर रात्रीच्या गारठ्यात ते आवळतं आणि सकाळी दोघं एकजीव झालेली असतात. इन्व्हरकार्गिलच्या कारखान्यात फोरमन असताना डूगलने हा धडा कितीतरी शिकाऊ पोरांना कान धरून शिकवला होता.

"काल काढला नाहीस?" नोएलीनने विचारलं.

"राहिला."

"राहिला म्हणजे?"

"राहिला म्हणजे राहिला. माणूस विसरतो."

तो विसरला नव्हता. नोएलीनला काल संध्याकाळ आठवली. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मान वर केली तर डूगल स्वयंपाकघरात उभा. किटली थंडगार. त्याने किटलीच्या पोटाला पालथा हात लावून पाहिला होता. 'अरे, कधी आलास? कळलंच नाही,' असं ती म्हणाली, तेव्हा तो नुसताच 'असू दे, आज तहान नाही' म्हणाला. चहाला नाही म्हणणारा डूगल तिने तोवर पाहिला नव्हता, पण घड्यांच्या नादात तिने ते सोडून दिलं. आता सगळं जुळलं. उजवा खांदा वर जाईना, म्हणून ठोके मारले नाहीत. ठोके नाहीत, म्हणून किटली थंड.

कारण नोएलीनचं चहाचं घड्याळ म्हणजे तो ठोकाच होता. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडचं फक्त छप्पर दिसायचं. आत तो माणूस फिरत्या पात्यांशी खेळत असायचा, एकटा, दार लावून. शेवटचा चक काढताना दोन ठोके यायचे, मग एक, की ती गॅस पेटवायची. हात झाडून, दिवे मालवून, बूट काढून तो आत येईपर्यंत चहा कपात पडलेला असे. तिची आईही अशीच होती. कालवांच्या बोटी सामुद्रधुनीतून परत येताना बंदराच्या तोंडाशी इंजिनं मंद करायच्या, आणि आई भर गप्पांत मध्येच उठून पाणी ठेवायची. इतक्या इंजिनांत बाबांचं कोणतं, हे तिला कळायचं. बाबा रोज सुखरूप परत आले, पण इंजिन ऐकू आल्याशिवाय आईचा त्यावर विश्वास बसला नाही.

"तेओने यायचाय," डूगल खांदा चोळत म्हणाला. "त्याच्या विंचचा दांडा आज द्यायचा आहे."

"मग येऊ दे. तो ठोकेल."

तेओने आला तो आधी स्वयंपाकघरात डोकावून, एक चीज रोल तोंडात कोंबून आणि दुसरा हातात घेऊनच. कालवं काढणाऱ्या बोटीचा हा कप्तान डूगलपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण त्याला नावं ठेवण्यात सगळ्या गावात थोरला. पुढच्या आठवड्यात हंगाम सुरू होणार होता आणि दोर ओढणाऱ्या त्याच्या विंचचा नवा दांडा खाच पाडायचा राहून बाकावर पडला होता.

"काय रे म्हाताऱ्या, मशीनशी लग्न लावलंस का? सोडवत नाही ते?"

"बडबड कमी कर आणि वर चढ."

तेओनेला स्टूल लागलं नाही. त्याने हातोडी घेतली, मान तिरकी करून नेम धरला आणि दणका दिला. दुसऱ्या दणक्याला आत काहीतरी तडकन सुटलं. चक खाली घसरला आणि ड्रॉबारच्या उरलेल्या आट्यांवर लोंबकळला.

"बघ. दोन. तुझ्यासारखा तिसरा वाया घालवत नाही मी."

"तो वाया जात नाही."

"टेपर दुसऱ्याला सुटलेलं असतं. मग तिसरा कशाला?"

"खात्रीला," डूगल म्हणाला आणि चक पुसायला लागला.

पण मशीन सुरू केल्यावर तिघांचेही चेहरे उतरले. स्पिंडलमधून खरखर येत होती. इतक्या वर्षांच्या ठोक्यांनी बेअरिंग आधीच थकलेलं होतं, आजच्या माराने त्याने हाय खाल्ली होती. डूगलने स्पिंडलवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून ती खरखर ऐकली. 

"एवढा दांडा होईल," शेवटी तो म्हणाला. "पुढचं सांगत नाही."

दांड्याची खाच पाडून झाली. दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर चहा, चीज रोल आणि क्राइस्टचर्चच्या एका विक्रेत्याचा कॅटलॉग अशी बैठक बसली. बेअरिंग बदलायचं तर मशीनच्या सरकपट्ट्याही झिजलेल्या होत्या, म्हणजे जुन्या कोटाला नवी बाही. नवं मशीन घ्यायचं, यावर फार वाद झाला नाही. विक्रेत्याच्या गोदामात डूगलला हवं तसं मशीन तयार होतं. एकच प्रश्न होता. तेच मशीन दोन स्पिंडलांत मिळत होतं, एक मोर्सच्या टेपरचं आणि एक चाळीस नंबरचं. कोणतं, ते शुक्रवारी कळवायचं होतं.

"यात विचार करण्यासारखं काय आहे?" तेओने म्हणाला. "चाळीस घे. आखूड, रुंद टेपर. ड्रॉबार सैल केला की चक पिकल्या फळासारखा हातात येतो. ठोकाठोकी नाही, बेअरिंगला मार नाही, तुझ्या खांद्याला त्रास नाही. शिवाय खाली दोन गुटके असतात, भारी काप घेताना चक आत फिरत नाही. आमच्या गोदीतल्या पोरांकडे आहे. दिवसात वीस वेळा कटर बदलतात, शीळ घालत."

"माझे तीन खण भरून मोर्सचे चक आहेत. कोलेट आहेत, बोअरिंग हेड आहे."

"मधे घालायचा अडॅप्टर मिळतो."

"टेपरमध्ये टेपर घालायचं, मग कटर वीतभर खाली लोंबणार आणि थरथरणार. असली कामं मी करत नाही."

"मग नवे चक घे."

"मोर्सचा ड्रिल चक लेथलाही बसतो."

"लेथचा वेगळा आहे तुझ्याकडे," नोएलीन किटलीवर टोपरं चढवत म्हणाली. "दोन आहेत. एक तर अजून कागदातसुद्धा गुंडाळलेला आहे."

तेओने टेबलावर थाप मारून हसला. डूगलने बायकोकडे असं पाहिलं, जणू फितूर घरातच निघाला.

तेओने गेल्यावर डूगलने कॅटलॉग मिटून ठेवला, पण विषय मिटला नाही. टिमारूहून मुलीचा, कर्स्टीचा फोन आला. तिने आपल्या घरामागे दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या आणि दर महिन्याला त्यांचं वर्णन जरा जास्त सुंदर व्हायचं. खांद्याचं ऐकल्यावर तर ती म्हणालीच, "आई, आता पुरे की. बाबांनी किती वर्षं ते करायचं? नवं मशीन घेण्यापेक्षा इकडे या." नोएलीनने हूं हूं केलं आणि हवेवर बोलणं नेलं. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हा एक अख्खा हिवाळा डूगल शेडमध्ये गेला नव्हता. खिडकीशी घोंगडी घेऊन बसलेला, कोणी काही विचारलं तर 'बरं आहे' म्हणणारा तो माणूस तिला अजून आठवायचा, आणि तो तिला पुन्हा बघायचा नव्हता. शेड राहिली तर डूगल राहील, आणि खांदा टिकला तर शेड राहील. तिला यात दुसरं गणित दिसत नव्हतं. म्हणजे चाळीस नंबर.

आणि चाळीस नंबर म्हणजे ठोके बंद. हेही तिच्या लक्षात आलं होतं, तेओनेने 'ठोकाठोकी नाही' म्हटलं त्याच क्षणी.  पण बाईमाणसाने चहाच्या वेळेसाठी नवऱ्याचा खांदा मोडायला सांगायचं का? तिचं तिलाच हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं, कारण चहाची वेळ हा त्यातला लहान भाग होता.

गुरुवारी संध्याकाळी ती त्याला बोलवायला शेडमध्ये गेली. आता रोज जाऊनच बोलवावं लागत होतं. तो खण उघडून बसला होता. तेलकट फडक्यात गुंडाळलेले कोलेट, कटर पकडायच्या त्या छोट्या नळ्या, एकेक करून बाहेर काढत होता आणि परत ठेवत होता.

"ठरलं?" तिने विचारलं.

"मोर्स वाईट नाही, नोएलीन. लोक उगाच नावं ठेवतात. धरलं की धरतं."

"आणि सोडत नाही. तेच तर झालं ना परवा."

"ती माझी चूक. टेपरची नाही."

"पुन्हा खांदा दुखेल त्या दिवशी पुन्हा तीच चूक होईल."

 त्याने एक कोलेट बोटांत फिरवला, डोळ्याजवळ नेला, त्यावर नसलेली धूळ फुंकली.

"गोदीत जाऊन बघून आलो ते चाळीस नंबरचं," तो म्हणाला. "सैल केलं की येतं हातात. हूं नाही की चूं नाही."

"मग चांगलंच की."

"चांगलंच आहे," तो म्हणाला. "फार गप्प आहे, एवढंच."

तिला वाटलं, त्याला हातोडीची सवय, ती सुटणार याचं वाईट वाटतंय. तिने त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला. मनात आलं होतं ते निराळंच. मोर्सच घे, मला तू ऐकू यायला हवा आहेस, असं तिला म्हणायचं होतं. पण ती म्हणाली, "खांद्याचा विचार कर. आणि चल, मटण गार होतंय."

शुक्रवारी सकाळी विक्रेत्याचा फोन आला, तेव्हा डूगल दांडा बसवायला धक्क्यावर गेला होता. तो मुद्दाम लवकर गेला होता, हे नोएलीनला कळत होतं. निर्णयाची कटकट टाळायची असली की तो नेहमीच असा धक्क्यावर जायचा.

"डूगल रेनी आज सांगणार होते," पलीकडचा माणूस म्हणाला. "मोर्स की चाळीस? दुपारी गाडी भरायची आहे, म्हणून विचारतो."

नोएलीनने खिडकीतून शेडचं छप्पर पाहिलं. त्यावर एक समुद्रपक्षी वाऱ्यात पाय रोवून उभा होता.

"चाळीस," ती म्हणाली.

"नक्की ना? त्यांनी काल फोन केला तेव्हा सगळी चौकशी मोर्सचीच केली होती."

"नक्की. मी त्यांची बायको बोलतेय."

रिसीव्हर ठेवताना तिला फार वाईट वाटलं. ते असं एकटीनेच सोसायचं होतं, हे त्याहून वाईट. दुपारी डूगल आला, तेव्हा तिने सूप वाढता वाढता सांगून टाकलं.

"मी चाळीस सांगितलं."

डूगलचा चमचा थांबला. तो तिच्याकडे बघेल असं तिला वाटलं होतं, पण तो बघत होता शेगडीवरच्या किटलीकडे. 

"बरं केलंस," तो म्हणाला. "माझ्याच्याने झालं नसतं."

मशीन ट्रकने आलं. तेओनेने बोटीवरची चार माणसं आणि एक साखळी-कप्पी आणली, आणि शिव्या देत, पाय वाचवत सगळ्यांनी मिळून ते आत बसवलं. जुनं मशीन भंगारवाला घेऊन गेला. ते ट्रकवर चढत असताना डूगल मध्येच पुढे झाला आणि त्याचा ड्रॉबार काढून घेतला.

"ते कशाला?" तेओने म्हणाला. "नव्याला बसणार आहे का?"

"स्टील चांगलं आहे," डूगल म्हणाला.

म्हाताऱ्यांच्या शेडमध्ये असं चांगलं स्टील पुष्कळ पडलेलं असतं. 

नव्या मशीनवरचं पहिलं काम त्याने दुपारी सुरू केलं. नोएलीनने ठरवलं होतं, आता अंदाजाने किटली ठेवायची. उजेड टाकीवरून उतरला की साधारण वेळ झाली असं धरायचं. तिने टाकीकडे बघत रताळी सोलली. बघत कांदा चिरला. मग वाटलं, फार बघतोय आपण, म्हणून पाठ करून भांडी पुसली. घर इतकं शांत होतं, की फ्रिजचा आवाज त्रास द्यायला लागला. शेडमधून मोटरची बारीक घरघर येत होती, मग ती थांबली. आता? की नुसता कटर बदलतोय? दाराला आतून कडी असेल का? जाऊन बघावं का? रोज असं जाऊन बघायचं का, आपण काय पोलीस आहोत? तिने किटली नळाखाली धरली.

आणि ठोके आले. दोन. जरा थांबून एक.

नळ वाहत राहिला, किटली भरून पाणी तिच्या मनगटावर आलं, तेव्हा तिला भान आलं. नव्या मशीनला ठोके कसले? काहीतरी अडकलं असेल, पहिलाच दिवस आहे. पण ठोके घाईचे नव्हते, चिडलेले नव्हते. तिने गॅस पेटवला. डूगल हात झाडत आत आला, बसला, कप उचलला.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"चांगलं आहे. लोण्यासारखं कापतं."

"आणि टेपर?"

"हातात येतं," तो म्हणाला, आणि केकचा तुकडा मागितला.

दुसऱ्या दिवशीही ठोके आले. तिसऱ्या दिवशीही. आवाज पूर्वीपेक्षा किंचित मोकळा होता, थोडा खालून आल्यासारखा, पण ताल तोच. नोएलीनच्या जिभेवर रोज प्रश्न यायचा आणि रोज ती तो चहाबरोबर गिळायची. विचारलं आणि ते थांबलं, तर? अशा गोष्टींना नजर लावू नये. ती गॅस पेटवायची आणि गप्प राहायची. इतकं बरं तिला कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं.

शनिवारी तेओने डूगलला बोटीवर घेऊन गेला, हंगामाची पहिली कालवं खायला. नोएलीनला गुलाबाची कात्री हवी होती. ती डूगलने धार लावायला नेली होती, म्हणून ती शेडमध्ये गेली. कात्री बाकावरच होती, धार लावून, तेल लावून ठेवलेली. ती वळली आणि तिला ते दिसलं.

स्वयंपाकघराकडच्या भिंतीच्या खांबाला, कंबरेच्या उंचीवर, जुना ड्रॉबार उभा बसवला होता. खाली लोखंडाचा जाड ठोकळा, त्यात त्याची आटे पाडलेली टोकाची बाजू पिळलेली. दोन पट्ट्यांनी त्याला खांबाशी धरलेलं, पण घट्ट नाही, आवाज दबणार नाही इतकंच. बसवण्याचं काम डूगलचं होतं, म्हणजे नको तितकं नीट. वरचं डोकं नव्या ठोक्यांनी चकाकत होतं. तांब्याची हातोडी शेजारच्या खिळ्याला अडकवली होती. डाव्या बाजूच्या खिळ्याला, डाव्या हाताला सहज मिळेल अशी. खांदा न उचलता.

नोएलीन कात्री हातात धरून उभी राहिली. मशीन बाजूला उभं होतं, नवं कोरं, त्याच्या ड्रॉबारवर हातोडीचा ओरखडाही नव्हता. तेओनेचं बोलणं तिला आठवलं. टेपर दुसऱ्यालाच सुटलेलं असतं, मग तिसरा कशाला? हे त्याने जुन्या मशीनबद्दल विचारलं होतं. म्हणजे इतकी सगळी वर्षं तो तिसरा ठोका टेपरसाठी नव्हताच, स्वयंपाकघरासाठी होता.  'अरे लबाडा,' ती मोठ्याने म्हणाली, रिकाम्या शेडला.

रस्त्यावर तेओनेची गाडी थांबल्याचं ऐकू आलं. त्याचा मोठा आवाज, डूगलचं हसणं, गाडी वळून गेली. मागचं जाळीचं दार आपटलं. मग घरातून डूगलची हाक, "नोएलीन?"  पुन्हा, जरा वरच्या आवाजात, "नोएलीन, कुठे आहेस?"

ती ओ देणार होती. मग तिने कात्री बाकावर ठेवली, खिळ्यावरची हातोडी काढली आणि जुन्या ड्रॉबारच्या डोक्यावर मारली. एक. दोन. थांबणं जरा लांबलं. मग तिसरा.

घरातून पुन्हा हाक आली नाही.

तिने हातोडी जागच्या जागी अडकवली, कात्री घेतली, दिवा मालवला. परसातून ती सावकाश चालली. वाटेत दोरीवरचे दोन चिमटे नीट लावले, टाकीचा नळ टिपकत होता तो आवळला. चहा व्हायला लागतो तेवढा वेळ तिने घेतला. पायरीवर गमबूट काढले आणि दार ढकललं.

किटली शेगडीवर शिट्टी घालत होती. टेबलावर दोन कप होते आणि डूगल तिच्याकडे पाठ करून डाव्या हाताने, फार वेडावाकडा, केक कापत होता. त्याने वळून पाहिलं नाही. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

नोएलीन खुर्ची ओढून बसली. त्याने चहा ओतला, कप तिच्यापुढे सरकवला, आणि समोर बसून आपल्या कपात साखर ढवळत राहिला.

"तिसरा जरा जोरात मारायचा," तो कपाकडे बघत म्हणाला. "वारा असला की घरापर्यंत पोचत नाही."

"बरं," नोएलीन म्हणाली, आणि दूध त्याच्याकडे सरकवलं.